महाराष्ट्रगीत ते राज्यगीत : नसलेल्या प्रदेशाची गाणी

महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळाने ३१ जानेवारी २०२३ रोजी राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला आणि त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून, तो अमलात आला. राज्याची स्थापना १ मे १९६० ची. म्हणजे जवळजवळ त्रेसष्ट वर्षे या राज्याला अधिकृत गीत नव्हते. या काळात महाराष्ट्र गाण्यावाचून राहिला असे मात्र कोणी म्हणणार नाही. उलट, अधिकृत गीत नसलेल्या या प्रदेशापाशी गीते इतकी होती की त्यांतून एक निवडणे हाच खरा प्रश्न होता. तो शासनाने आपल्या पद्धतीने सोडविला. वर्तमानपत्रांतून या निर्णयाचे स्वागत झाले, काही राजकीय टीकाटिप्पणीही झाली. परंतु ज्यांनी या निर्णयाकडे एक वाङ्‌मयीन घटना म्हणून पाहायला हवे होते ते आपण, म्हणजे मराठीचे अध्यापक आणि अभ्यासक, यावर फारसे बोललो नाही. उत्सवी गीतांकडे समीक्षेने पाहायचे नसते, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. हा संकेत चुकीचा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञांविषयी. हिंदी भाषक ज्याला 'राष्ट्रगान' म्हणतात त्याला आपण 'राष्ट्रगीत' म्हणतो आणि 'वंदे मातरम्'साठी 'राष्ट्रीय गीत' अशी वेगळी संज्ञा योजतो. हा भेद शाळेत पाठ केलेला असला तरी बोलताना क्वचितच पाळला जातो. कानडीत 'नाडगीते' हा शब्द रुळलेला आहे. 'नाड' म्हणजे प्रदेश, भूमी. त्या शब्दात राज्यसंस्थेचा उल्लेख नाही. मराठीत मात्र २०२३ मध्ये शासनाने 'राज्यगीत' ही संज्ञा रूढ केली. तिच्या पूर्वी आपल्याकडे एक जुना आणि माझ्या मते अधिक अर्थपूर्ण शब्द होता, तो म्हणजे 'महाराष्ट्रगीत'. हे केवळ एका कवितेचे नाव नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जवळजवळ एक काव्यप्रकारच झाला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गोविंदाग्रज आणि त्यांच्यामागून कितीतरी लहानमोठ्या कवींनी महाराष्ट्रगीते लिहिली. महाराष्ट्रगीत आणि राज्यगीत या दोन संज्ञांमध्ये जे अंतर आहे, तोच या लेखाचा विषय होय.

महाराष्ट्रगीत लिहिले जात होते तेव्हा महाराष्ट्र नव्हता. हे विधान वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. पण वस्तुस्थिती अशीच होती. मुंबई इलाख्यात पुणे-सातारा होते, तसे धारवाड, अहमदाबाद आणि १९३६ पर्यंत सिंधही होता. वऱ्हाड नावापुरता निजामाचा. १९०२ मध्ये इंग्रजांनी तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी ही संस्थाने वेगळीच. या सगळ्या तुकड्यांना मिळून एक नाव असणारा शासकीय नकाशा कोठेही छापलेला नव्हता. अशा वेळी एखादा कवी 'महाराष्ट्र' हा शब्द उच्चारतो तेव्हा तो एका प्रदेशाचे वर्णन करीत नसतो, तर त्या प्रदेशाची मागणी करीत असतो. किंबहुना त्या काळात महाराष्ट्र नावाची सलग वस्तू सापडण्याची जागा कविताच होती.

हे कवी कोठले होते तेही पाहण्याजोगे आहे. कोल्हटकरांचा जन्म १८७१ चा, नागपूरचा. त्यांची वकिली वऱ्हाडातली. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांचा जन्म १८८५ मध्ये गुजरातेतील नवसारीचा आणि मृत्यू १९१९ मध्ये नागपूरजवळच्या सावनेरचा. म्हणजे 'श्रीमहाराष्ट्रगीत' लिहिणारा हा कवी ज्या दोन ठिकाणी जन्मला आणि वारला, त्यांपैकी एकही त्या वेळच्या रूढ अर्थाने 'महाराष्ट्रात' नव्हते, आणि एक तर आजही नाही. राजा बढे १९१२ मध्ये नागपुरातच जन्मले. मराठी भाषेचे आजचे सर्वांत लोकप्रिय गौरवगीत ज्यांच्या नावावर आहे ते सुरेश भट अमरावतीचे आणि पुढे नागपूरचे. महाराष्ट्राची गीते पुण्याने गायिली असतील, मुंबईने ध्वनिमुद्रित केली असतील. परंतु ती लिहिली मात्र प्रामुख्याने विदर्भाशी नाते असलेल्या माणसांनी. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. मध्यभागी बसलेल्याला आपण कोठे आहोत हे सांगावे लागत नाही. ज्याचे घर सीमेवर असते त्याला ते सांगावे लागते. वऱ्हाड-नागपूरचा सुशिक्षित मराठी माणूस हिंदी भाषक मध्य प्रांताच्या राजकारणात वावरत होता, आणि 'महाराष्ट्र' हा त्याच्या दृष्टीने शेजारी असलेला पण आपला नसलेला देश होता. त्याच विदर्भात पुढे स्वतंत्र राज्याची मागणी बळावली, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तिला अनुकूल शिफारस केली, आणि आजही ती अधूनमधून डोके वर काढते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचे आपण टाळतो. त्यांच्याकडे पुढे यावेच लागेल.

आता या गीतांच्या रचनेकडे वळू. त्यांचा आशय एकच आहे, सह्याद्री, नद्या, संत, शिवराय आणि स्वाभिमान, असे म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यांचे व्याकरण वेगवेगळे आहे, आणि कवितेचा अर्थ पुष्कळदा विषयापेक्षा व्याकरणात असतो. कोल्हटकरांचे गीत सवलतीने सुरू होते. जगात दुसरे देश सुंदर आणि संपन्न असतील, ते खुशाल असोत, अशी ती मांडणी आहे; त्यानंतर कवी आपल्या एका आवडीकडे वळतो. हा अभिमान तुलनेत जिंकून मिळविलेला नाही, तुलना नाकारून मिळविलेला आहे. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्या विनोदकाराला अहंकाराचे हास्यास्पद रूप ठाऊक होते, म्हणून त्याने अभिमानाच्या आधी ही औदार्याची पायरी ठेवली असावी. शाळाशाळांतून हे गीत म्हटले जाते तेव्हा ही पायरी कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गडकऱ्यांची कविता संबोधनांची आहे. 'वाग्वैजयंती'तील ही दीर्घ रचना वाचताना संबोधनांवर संबोधने येत राहतात, विशेषणे परस्परांना छेद देत जातात. कठोर आणि कोमल, दगड आणि फूल, भक्त आणि वीर. क्रियापदे त्या मानाने फारच थोडी. कवी या देशाला काही करायला सांगत नाही. तो त्याला फक्त हाका मारतो आणि त्याच्यापुढे नमतो. हाक कोणाला मारतात? जो समोर नाही, किंवा समोर असून वळून पाहत नाही, त्याला. 'श्रीमहाराष्ट्रगीता'तील ही संबोधनांची गर्दी नुसत्या अलंकारप्रियतेची नाही (गडकऱ्यांची अलंकारप्रियता मान्य करूनही मी हे म्हणतो). तिच्यामागे एका अनुपस्थित वस्तूला शब्दांनी उभे करण्याची निकड आहे. सभासंमेलनांतून या कवितेची निवडक कडवी तेवढी गायिली जातात. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनाही संपूर्ण कविता क्वचितच माहीत असते, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ती त्यांच्यापुढे आपणच ठेवलेली नाही.

राजा बढ्यांचे गीत आज्ञार्थी आहे. येथे हाक नाही, सवलत नाही, आदेश आहे. श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज यांमुळे तो आदेश अधिकच ठाशीव झाला. हे गीत राज्यस्थापनेच्या पर्वातले आहे. ज्याला हाका मारायच्या तो प्रदेश आता अस्तित्वात आला होता, किंवा येऊ घातला होता. म्हणून संबोधनाची जागा आज्ञेने घेतली. एरवी बढे हे हळुवार भावगीतांचे कवी. त्यांच्या लेखणीतून हे गर्जनेचे गीत उतरावे याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला वाटते ते वेगळ्या कारणासाठी. या गीतातला भूगोल राज्याच्या भूगोलाशी जुळत नाही. आरंभीच्या नद्यांच्या नामावळीत रेवा आहे. रेवा म्हणजे नर्मदा. ती महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला थोडीशी शिवून जाते. वरदा म्हणजे वर्धा असे आपण समजतो, आणि नागपूरच्या कवीच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु वरदा नावाची एक नदी कर्नाटकातही आहे. भद्रेचे तर कोडेच आहे. तिला नदीचे विशेषनाम मानले तर ती तुंगभद्रेतली भद्रा ठरते आणि आपण थेट शिमोग्याकडे पोहोचतो. तिला गोदावरीचे विशेषण मानले तर आपण घरीच राहतो. मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. तरीसुद्धा पहिला वाच्यार्थ गाणाऱ्याच्या कानातून जात नाही. पुढे भीमेकाठची तट्टे यमुनेवर पाणी पिण्यास जातात, तेव्हा तर अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा पैसच डोळ्यांपुढे उभा राहतो. गीताच्या अखेरीस दिल्लीच्या तख्ताच्या रक्षणाचा उल्लेख येतो. त्याला महादजी शिंद्यांचा इतिहास आहेच. पण त्याला १९६० चा संदर्भही आहे. ज्या दिल्लीशी झगडून, शंभराहून अधिक माणसांचे बळी देऊन हे राज्य मिळाले, त्याच दिल्लीचे आपण रक्षक आहोत असे नव्या राज्याचे गीत म्हणते. यात तक्रारीचे रूपांतर उपकारात झालेले आहे. मराठी मनाच्या अभ्यासकाला यापेक्षा बोलके स्थळ शोधून सापडणार नाही.

राज्यगीत म्हणून स्वीकारताना मूळच्या तीन कडव्यांपैकी दोनच घेण्यात आली आणि गीताचा अवधी एक मिनिट एकेचाळीस सेकंद निश्चित झाला. असे करणे व्यवहारतः अपरिहार्य असेल. कर्नाटकातही कुवेंपूंच्या गीताचा अवधी आणि चाल यांवर वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर २०२२ मध्ये शासनाने म्हैसूर अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटे असा निर्णय केला. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक सावधगिरी बाळगावी लागेल. शासनाने स्वीकारलेली संहिता ही कवितेची संहिता नव्हे. उद्या पाठ्यपुस्तकांत, संकलनांत आणि शेवटी आपल्या प्रबंधांतही दोन कडव्यांचे गीतच मूळ गीत म्हणून वावरू लागले, तर त्याचे उत्तरदायित्व शासनावर ढकलता येणार नाही.

गीत अधिकृत होते म्हणजे नेमके काय होते? ते सुरू झाल्यावर उभे राहावे लागते. एवढा एक बदल लहान नाही. अनधिकृत गीत माणूस म्हणतो, अधिकृत गीत माणसाकडून म्हणवले जाते. पहिल्यात चूक चालते, कडवे विसरले तरी चालते, मध्येच टाळ्या वाजविता येतात. दुसऱ्यात यांपैकी काहीच चालत नाही. तेलंगणात अंदेश्री यांचे 'जय जय हे तेलंगाणा' हे गीत आंदोलनाच्या काळात गावोगाव गायिले गेले. राज्य २०१४ मध्ये झाले, पण गीत अधिकृत व्हायला २०२४ उजाडले, आणि त्या दहा वर्षांत त्याची लोकप्रियता शासनमान्यतेवाचून अडली नाही. ओडिशाचेही असेच. 'वंदे उत्कल जननी' हे लक्ष्मीकांत महापात्रांचे गीत १९३६ मध्ये प्रांत होण्याच्या कितीतरी आधीचे. त्याला राज्यगीत ठरविले गेले ते २०२० मध्ये. बंगालचे उदाहरण तर विलक्षणच आहे. १९०५ च्या फाळणीविरुद्ध रवींद्रनाथांनी लिहिलेल्या गीतांपैकी 'आमार सोनार बांगला' बांगलादेशाचे राष्ट्रगीत झाले, आणि त्याच चळवळीतले 'बांगलार माटी, बांगलार जल' पश्चिम बंगालच्या विधानसभेने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले. फाळणी नको म्हणून लिहिलेली दोन गीते सीमेच्या दोन बाजूंना वाटली गेली. कवीच्या हातात शब्द असतात, सीमा नसतात.

या शेजाऱ्यांच्या गीतांशी ताडून पाहिले म्हणजे मराठी गीतांचे एक वैशिष्ट्य ठळकपणे नजरेत भरते आणि त्यावर पुरेसे लिहिले गेलेले नाही. उत्कल जननी आहे. तेलुगू तल्ली आहे. तमिळनाडूत राज्यगीताचे नावच तमिळ मातेचे स्तवन असे आहे. कुवेंपूंनी कर्नाटकाला भारतमातेची कन्या आणि स्वतःही माता असे दुहेरी नाते देऊन राष्ट्र आणि प्रांत यांचा प्रश्न एका घरगुती रूपकात सोडवून टाकला. महाराष्ट्र मात्र आई नाही. कोल्हटकर, गडकरी, बढे, तिघांच्याही गीतांत तो पुल्लिंगी आहे. याचे एक कारण सरळ व्याकरणाचे आहे. मराठीत 'राष्ट्र' नपुंसकलिंगी, पण 'महाराष्ट्र' पुल्लिंगी. आपण 'ते राष्ट्र' म्हणतो आणि 'तो महाराष्ट्र' म्हणतो. 'महाराष्ट्र देश' या जोडशब्दातील 'देश' या पुल्लिंगी शब्दाचे लिंग त्याला चिकटले असावे. परंतु व्याकरण हे संपूर्ण उत्तर नव्हे, कारण 'भूमी' हा स्त्रीलिंगी शब्द हाताशी होताच आणि मराठीत मातृभूमीची कविताही विपुल आहे. मातृत्व देशाला दिले गेले, प्रांताला नाही. प्रांत हा आपल्या कवींच्या कल्पनेत पुत्र, वीर, रक्षक राहिला. राष्ट्रगीतातही इतर प्रांतांची नावे भूमीवरून आली असताना आपला उल्लेख 'मराठा' असा, म्हणजे माणसांवरून येतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पुल्लिंगी प्रांताला गर्जना शोभते, विलाप शोभत नाही. आणि म्हणूनच जे गमावले त्याविषयी बोलण्याची सोय या परंपरेत राहिली नाही.

ती सोय अण्णाभाऊ साठ्यांनी केली. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आपण लोकसाहित्याच्या किंवा दलित साहित्याच्या तासाला शिकवितो. मी ती महाराष्ट्रगीत म्हणून शिकवावी असे म्हणतो. पोटासाठी मुंबईला आलेला कष्टकरी आपल्या मागे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, शहराची रीत सांगतो, मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरतो, आणि शेवटी त्याच्या ध्यानात येते की आपली जी स्थिती तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या हाती. येथे प्रदेश माता नाही आणि वीरपुत्रही नाही. तो दुरावलेली घरधनीण आहे. व्याकरणही बदलले आहे. कोल्हटकरांची सवलत, गडकऱ्यांचे संबोधन, बढ्यांची आज्ञा यांच्या जागी अण्णाभाऊंनी साधा भूतकाळ ठेवला. 'राहिली' या एका क्रियापदात जे आहे ते गर्जनेत बसत नाही. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभारणाऱ्या शाहिराच्या या रचनेला राज्याचे गीत म्हणून कोणी कधी सुचविणार नाही, हे उघड आहे. कोणतेही राज्य आपल्या अपुरेपणाचे गीत उभे राहून म्हणणार नाही. परंतु मराठी विभाग म्हणजे काही राज्य नव्हे.

अण्णाभाऊंनी नाव घेतलेल्या बेळगावाकडे आता वळतो. या विषयाची सर्वांत अवघड गाठ तेथे आहे. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावला भरले. त्या अधिवेशनात हुइलगोळ नारायणरावांचे कर्नाटकाच्या उदयाची प्रार्थना करणारे गीत गायिले गेले आणि कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे ते अनधिकृत गीत झाले. बावीस वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. त्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. म्हणजे दोन भाषांच्या दोन नसलेल्या प्रदेशांनी आपले अस्तित्व एकाच गावात उच्चारले, आणि दोन्हींनी ते साहित्याच्या मार्गाने उच्चारले. मराठी लेखनात दुसऱ्या घटनेचा उल्लेख वारंवार येतो, पहिलीचा जवळजवळ नाही. कानडी लेखनात बहुधा उलट असेल. सीमाप्रश्नावरील आपल्या वाङ्‌मयाचे हे एक मोठे वैगुण्य आहे. शेजाऱ्याचेही एक स्वप्न त्याच मैदानात उभे राहिले होते, हे मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही.

१९५६ मध्ये चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६६ चा महाजन आयोग आला आणि गेला. २००४ च्या जानेवारीत कर्नाटकाने कुवेंपूंच्या 'जय भारत जननिय तनुजाते' या गीताला नाडगीताचा दर्जा दिला. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतील मुले नाडगीत म्हणतात, आणि घरच्या उत्सवांत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत बढ्यांचे गीत म्हणतात. १ नोव्हेंबर हा राज्याचा राज्योत्सव. सीमाभागातील मराठी माणसांचा तो काळा दिन. एका मुखात दोन गीते, एक शाळेचे आणि एक घराचे. यात ढोंग नाही. सीमाभागातून आलेले विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गात असतात. त्यांची दोन्ही गीते पाठ असतात आणि कुवेंपूंचे गीत त्यांना मनापासून आवडते, असेही त्यांपैकी काहींनी मला सांगितले आहे. आवडावेच, विविध पंथांच्या आचार्यांना आणि सर्व समाजांना सामावून घेणारी ती मोठ्या कवीची रचना आहे. मात्र २०२३ पासून एक नवी गोष्ट घडली आहे. बढ्यांचे गीत आता केवळ मराठी माणसाचे गीत उरलेले नाही, ते एका विशिष्ट राज्यशासनाचे गीत झाले आहे. बेळगावातल्या मंडपात ते वाजते तेव्हा ते आता अनधिकृत गीत नसून दुसऱ्या राज्याचे अधिकृत गीत असते. २०२२ पर्यंत तो भाषेचा अभिमान होता. आता त्याला निष्ठेचा प्रश्न म्हणून पाहिले जाऊ शकते. ज्यांच्यासाठी 'महाराष्ट्र' हा अजूनही मागणीचा शब्द आहे, त्यांच्या हातातले सर्वांत सोपे गाणे आपण राजमुद्रा उमटवून थोडे अवघड करून ठेवले आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या मनात हे नसणार. परंतु गीताला दर्जा देताना ते कोणकोण गाते याचा विचार करणे अवश्य होते.

सुरेश भटांचे मराठीगौरवाचे गीत या अडचणीतून सुटते, कारण ते भूमीचे नसून भाषेचे आहे. कौशल इनामदारांनी २०१० मध्ये ते शेकडो गायकांकडून गाऊन घेतले, तेव्हापासून ते बडोदे, इंदूर, बेळगाव आणि परदेशस्थ मराठी मंडळांत सारख्याच हक्काने म्हटले जाते. गोव्याचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे. बा. भ. बोरकरांची 'माझ्या गोव्याच्या भूमीत' ही मराठी कविता गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाने गोव्याचे गीत म्हणूनच स्वीकारली. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात, जेथे सुमारे चौतीस हजारांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याचे नाकारले, बोरकर वेगळ्या गोव्याच्या आणि कोकणीच्या बाजूचे होते. पुढे १९८१ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'सासाय' या कोकणी संग्रहाला. मराठीत लिहिलेले भूमिगीत हे मराठी राज्याचे गीत असतेच असे नाही, हे बोरकर शिकवितात. आपण त्यांची कविता शिकविताना हा भाग सहसा गाळतो.

आणि विदर्भ. ज्या प्रदेशाने महाराष्ट्राला गीते दिली त्याने १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर संयुक्त महाराष्ट्रात प्रवेश केला, आणि त्या कराराचे पालन किती झाले याविषयीची तक्रार तेथे आजही ऐकू येते. स्वतंत्र विदर्भाची मागणी योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नाही. परंतु उद्या कोणी स्वतंत्र विदर्भाचे गीत शोधू लागला तर त्याच्या हाती काय लागेल? त्याच्या थोर कवींनी आपली वाणी महाराष्ट्रासाठी वापरली. कोल्हटकर, बढे, भट हे तिघेही त्याचेच, आणि तिघांचीही गीते त्याच्या मागणीच्या विरुद्ध साक्ष देणारी. विदर्भवादी वाचकाने या कवींना नाकारावे काय? तसे कोणी नाकारल्याचे दिसत नाही, आणि त्यातच या गीतांचे वाङ्‌मयीन सामर्थ्य आहे. विदर्भातल्या सभेत कोल्हटकरांचे महाराष्ट्रगीत म्हणणारा माणूस सभा संपल्यावर वेगळ्या राज्याच्या बाजूने बोलू शकतो. अनधिकृत गीतात एवढी जागा असते. अधिकृत गीतात ती राहील की नाही, हे पुढील दहा-वीस वर्षांत दिसेल.

या पार्श्वभूमीवर अभ्यासक्रमाविषयी एक सूचना करावीशी वाटते. एम.ए.च्या आधुनिक कवितेच्या अभ्यासपत्रिकेत 'महाराष्ट्रगीत' हा स्वतंत्र घटक असावा. त्यात कोल्हटकर आणि गोविंदाग्रज यांच्या कविता संपूर्ण असाव्यात, बढ्यांचे गीत तिन्ही कडव्यांसह असावे, अण्णाभाऊंची छक्कड असावी, बोरकरांची गोव्याची कविता असावी. आणि शेजारचे म्हणून हुइलगोळ व कुवेंपू यांची गीते मराठी भाषांतरासह असावीत. कानडी गीते मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा आक्षेप निघेल. तो निघाला की वर्गात बेळगावच्या १९२४ आणि १९४६ या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि तास तेथून सुरू करावा.